मेन स्ट्रीटवरचं एक-पडदा थिएटर परत परत बंद का पडतं, आणि गावाने ते विकत घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिकागोबाहेर मेट्रा या लोकल रेल्वेच्या स्टेशनजवळ, गावच्या डाउनटाउनमध्ये १९२० च्या दशकातलं एक थिएटर आहे, गेल्या बारा वर्षांत तीनदा बंद पडून तीनदा उघडलं, आता परत कुलूप लागलंय आणि व्हिलेज बोर्ड, म्हणजे गावचं निवडून आलेलं मंडळ, म्हणतंय आम्ही विकत घेतो. लोकांना थिएटरात जाऊन सिनेमा बघायचाच नसेल तर आपल्या प्रॉपर्टी टॅक्समधून हा खटाटोप कशाला?

प्रश्न रास्त आहे, पण त्यातलं "लोकांना बघायचाच नाही" हे काही मला पटत नाही. मी १९९८ ला कॉलेजात असताना प्रोजेक्शन बूथमध्ये पार्ट टाइम लागले, मग मॅनेजर झाले, आणि गेली पंधरा-सोळा वर्षं छोट्या स्वतंत्र थिएटरांसाठी बुकिंग करते, म्हणजे कुठला सिनेमा कधी आणि कुठल्या अटीवर लावायचा ते डिस्ट्रिब्युटरशी घासाघीस करून ठरवायचं. असली थिएटरं बंद पडताना चार पाहिली, त्यातली दोन माझ्या हातात असताना. चारही वेळा गावात हळहळ झाली की लोकांनी साथ दिली नाही हो, आणि चारही वेळा खरं कारण वेगळंच होतं. असं थिएटर दोन गोष्टींवर जगतं किंवा मरतं, सिनेमा कधी आणि कुठल्या अटीवर मिळतो, आणि इमारत कुणाची आहे. टीव्ही, व्हिडिओ, स्ट्रीमिंग यांनी मार दिला नाही असं नाही, पण तो मार याच दोन जागी लागला.

आधी इमारतीचं बघू. ही थिएटरं बांधली तेव्हा नुसतं थिएटर असं कुणी बांधायचंच नाही. तुमच्याकडून फार लांब नाही, डाउनर्स ग्रोव्हमधलं टिव्होली घ्या, २५ डिसेंबर १९२८ ला सुरू झालं, हजाराहून जास्त खुर्च्या, आणि त्याच इमारतीत दुकानं, हॉटेल, तळघरात बोलिंग. म्हणजे रस्त्याच्या बाजूचे गाळे आणि वरच्या खोल्या भाडं देणार आणि मागचा मोठा अंधारा हॉल गर्दी खेचणार, एकाने दुसऱ्याला सांभाळायचं. हा हिशेब जोपर्यंत एका मालकाच्या वहीत होता तोपर्यंत आठवडा पडला तरी मालक तगायचा. पुढे अनेक ठिकाणी वाटण्या झाल्या, गाळे एकाकडे, हॉल दुसऱ्याकडे, चालवणारा तिसराच भाडेकरू. मग हॉलमुळे शेजारच्या रेस्टॉरंटचा धंदा वाढतो, त्यामुळे गाळ्याचं भाडं वाढतं, आणि त्याच वाढलेल्या दराने थिएटरवाल्याचंही भाडं वाढतं. गर्दी आणली त्याने आणि दंडही त्यालाच! तुमचं थिएटर तीनदा बंद पडलं त्यातल्या किमान एका वेळी लीज रिन्यूअलचं वर्ष होतं का ते बघा, मी पैज लावायला तयार आहे.

आता सिनेमा मिळण्याचं, आणि इथे जरा थांबायला लागेल कारण हे बाहेरच्या माणसाला दिसतच नाही. १९३०-४० च्या काळात शिकागोत नवा सिनेमा आधी लूपमधल्या, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागातल्या, राजवाड्यासारख्या थिएटरांत लागायचा, तिथला मुक्काम संपला की मधे काही आठवडे तो कुणालाच द्यायचा नाही, याला क्लिअरन्स म्हणायचे, मग मोठ्या मोहल्ल्यांतली थिएटरं, मग अजून थांबा, मग आपलं उपनगर. वरवर पाहता अन्यायच, आणि होताच, शिकागोच्या साउथ साइडच्या जॅक्सन पार्क थिएटरच्या मालकांनी यावर खटला भरला आणि १९४६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, ज्यूरीने नुकसान धरलं होतं १,२०,००० डॉलर आणि अँटिट्रस्ट कायद्याप्रमाणे त्याची तिप्पट.

पण या उशिरा मिळण्यातच छोट्या थिएटरचा एक फायदा दडलेला होता. सिनेमा जुना होऊन यायचा म्हणून स्वस्त यायचा, दोन-तीन दिवस दाखवून परत. आठवड्यात दोन-तीनदा पाटी बदलायची. आता गणित करा, गाव पंधरा हजारांचं, पडदा एक. पाटी आठवड्यात तीनदा बदलली तर एकच माणूस आठवड्यात दोनदा येऊ शकतो, मंदीच्या काळात डिश नाइटला बशी मिळते म्हणून किंवा बँक नाइटची सोडत आहे म्हणून तिसऱ्यांदाही येईल. आज तोच पडदा स्टुडिओच्या अटीमुळे एकच सिनेमा तीन आठवडे लावतो, तर तोच माणूस तीन आठवड्यांत एकदा येणार, फार तर. गाव तेवढंच, माणसं तेवढीच, सिनेमाची आवडही धरा तेवढीच, पण येण्याची संधीच सहाव्या हिश्श्यावर आली. मी नवीन ऑपरेटरला पहिल्या मीटिंगमध्ये हे कागदावर काढून दाखवते आणि दर वेळी समोरचा माणूस गप्प होतो.

१९४८ चा पॅरामाउंट खटला तुम्ही ऐकला असेल, स्टुडिओंना आपली थिएटरं विकावी लागली, गठ्ठ्याने सिनेमे गळ्यात मारायची पद्धत बंद झाली. सगळीकडे असं लिहितात की छोट्यांची सुटका झाली. अर्धंच खरं. गठ्ठ्यात चार रद्दी सिनेमे यायचे हे कबूल, पण वर्षभर पडद्यावर काहीतरी असायचं याची खात्रीही त्याच गठ्ठ्यात होती. स्वतःची थिएटरं गेल्यावर स्टुडिओंना दर आठवड्याला पडदे भरायची गरज राहिली नाही, त्यांनी सिनेमे कमी आणि मोठे केले आणि प्रत्येकासाठी वेगळी बोली. बोलीत मेन स्ट्रीटवाला कुठे टिकणार.

आणि हे झालं कधी, तर नेमकं १९४६ चा कळस ओलांडून उतार लागला तेव्हा. त्या वर्षी देशात आठवड्याला आठ-नऊ कोटी तिकिटं खपत होती, लोकसंख्या साधारण चौदा कोटी! मग टीव्ही आला, तरुण जोडपी नवीन वसाहतींत गेली, १९५६ मध्ये इंटरस्टेट हायवेचा कायदा झाला आणि त्याच वर्षी मिनेसोटात इडाइना इथे साउथडेल हा पहिला बंदिस्त मॉल उघडला. आता उपनगराच्या डाउनटाउनला स्पर्धा शहराच्या लूपची नव्हती, चार मैलांवरच्या पार्किंग लॉटची होती. १९६३ मध्ये कॅन्सस सिटीत स्टॅन ड्युरवुडने शॉपिंग सेंटरमध्ये दोन पडद्यांचं थिएटर काढलं, एकच तिकीटखिडकी, एकच पॉपकॉर्नचा काउंटर, सिनेमे दोन. पुढचं सगळं त्यातूनच आलं, अगदी १९९५ च्या डॅलसच्या चोवीस पडद्यांपर्यंत. लोकांना वाटतं मल्टिप्लेक्स म्हणजे चॉइस. चालवणाऱ्याच्या दृष्टीने मल्टिप्लेक्स म्हणजे पडलेला सिनेमा दुसऱ्या आठवड्यात छोट्या हॉलमध्ये ढकलायची सोय, बस. एक-पडदावाल्याला ढकलायला जागाच नाही.

मग मेन स्ट्रीटवाल्यांनी सत्तरच्या दशकात काय केलं तर हॉलच्या मधोमध भिंत घातली. मी पहिल्यांदा कामाला लागले ते असंच अर्धं केलेलं थिएटर. खुर्च्या जुन्याच आणि फरशीला जुन्या जागीच ठोकलेल्या, म्हणजे त्यांचं तोंड पूर्वीच्या पडद्याच्या मध्याकडे, जिथे आता भिंत होती. दोन तास मान किंचित वळवून बसायचं. डावीकडे हळुवार प्रेमकथा आणि उजवीकडे युद्धपट लागला की डावीकडच्या चुंबनाला उजवीकडच्या तोफांची सलामी. छताचं मूळचं प्लास्टरचं नक्षीकाम भिंतीने बरोबर मधून कापलं होतं, ते बघून मला रोज वाईट वाटायचं, पण त्याच भिंतीने ते थिएटर वीस वर्षं जगवलं हेही तितकंच खरं. हेरिटेजवाले मित्र यावर माझ्याशी भांडतात. भांडू देत.

आम्ही तेव्हा डॉलर हाउस होतो. म्हणजे मल्टिप्लेक्समधून उतरलेला सिनेमा दोन-अडीच महिन्यांनी आणायचा, तिकीट दीड डॉलर, प्रिंटवर ओरखडे. गुरुवारी रात्री वीस-वीस मिनिटांची रिळं जोडून एक मोठी थाळी करायची, पुढच्या गुरुवारी परत तोडून डब्यात भरायची. स्टुडिओचा वाटा तोपर्यंत पस्तीस टक्क्यांवर आलेला, गल्ल्यापेक्षा पॉपकॉर्नवर नफा, आणि हॉल भरलेला असायचा हो, शनिवारी लाइन कोपऱ्यापर्यंत. म्हणजे जुनंच गणित होतं, उशिरा, स्वस्त, वारंवार. हे मेलं ते प्रेक्षकांनी पाठ फिरवली म्हणून नाही, थिएटर आणि डीव्हीडीमधलं अंतर कमी होत गेलं म्हणून. आमच्याकडे सिनेमा लागायचा आणि पंधरा दिवसांत दुकानात डिस्क. स्वस्तात उशिरा दाखवायला मधे जी फट लागते तीच बुजली.

त्यावर डिजिटलचा घाव. एका पडद्याला प्रोजेक्टर, सर्व्हर, बूथची वायरिंग धरून साठ-सत्तर हजार डॉलरच्या घरात खर्च. स्टुडिओंची प्रिंटमागे हजार-दीड हजार डॉलरची बचत होत होती, त्यातला हिस्सा ते व्हर्च्युअल प्रिंट फी म्हणून थिएटरला द्यायचे, पण तो मुख्यतः नवा सिनेमा पहिल्या दिवसापासून लावणाऱ्याला. उशिरा लावणाऱ्या डॉलर हाउसच्या हाती जवळजवळ काहीच नाही. २०१३ संपता संपता पॅरामाउंटने अमेरिकेत नव्या सिनेमांच्या फिल्मच्या प्रिंट्स देणं थांबवलं आणि बाकीचेही त्याच वाटेवर होते. माझ्या हातातलं पहिलं थिएटर तेव्हाच गेलं. दुसऱ्याने गावातून वर्गणी काढून मशीन घेतलं, उद्घाटनाच्या शुक्रवारी हॉल भरला, सात वाजले, आणि सर्व्हर म्हणतोय सिनेमाची चावी चालत नाही. आता सिनेमा हार्ड डिस्कवर कुलूपबंद येतो आणि त्याची डिजिटल चावी त्या एका मशीनसाठी आणि ठरलेल्या तारखांपुरतीच बनते, आणि आमची बनली होती परत पाठवलेल्या जुन्या सर्व्हरच्या सिरियल नंबरवर. पावणेआठला नवी चावी ईमेलने आली तोपर्यंत मी स्टेजवर उभं राहून लोकांना इमारतीचा इतिहास सांगत होते. एकही माणूस उठून गेला नाही. म्हणून म्हणते, प्रेक्षकांना दोष देऊ नका.

डिजिटल झालं म्हणजे आता नवा सिनेमा पहिल्या दिवशी मिळू शकतो, मग अडचण काय? अटी. मोठ्या सिनेमाला तीन-चार आठवडे तोच पडदा, त्यावर सगळे खेळ त्याचेच, मधे दुसरं काही लावायचं नाही, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत गल्ल्याचे पंचावन्न-साठ टक्के, कधी त्याहून जास्त. समजा तिकीट दहा डॉलर आणि सहा त्यांचे. पहिला शुक्रवार-शनिवार छान, दुसरा आठवडा बरा, तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी रात्री नऊच्या खेळाला सहा माणसं, आणि तुम्ही सहाशे खुर्च्यांचा हॉल गरम करताय. आपल्या मंडळींचं उदाहरण देते, महाराष्ट्र मंडळाला मराठी सिनेमासाठी रविवारी सकाळी अकराला हॉल हवा असतो, ठरलेलं भाडं रोख देतात, गल्ला त्यांचा, थिएटरला काही धोकाच नाही, हॉल तसाही तेव्हा रिकामाच असतो. तरी मला आधी स्टुडिओला विचारावं लागतं, कारण कागदावर तो पडदा त्या तीन आठवड्यांपुरता त्यांचा आहे. कधी हो म्हणतात, कधी नाही.

कोविडने काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही, दोनच मुद्दे. सरकारने बंद पडलेल्या नाट्यगृहं-थिएटरांसाठी सोळा अब्ज डॉलरची ग्रँट काढली, २०१९ च्या कमाईच्या पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत, कमाल एक कोटी डॉलर, पण २९ फेब्रुवारी २०२० ला चालू असलेल्यांनाच. तुमचं त्या दिवशी बंद असेल तर शेजारच्या गावाने नवीन खुर्च्या घातल्या आणि तुमच्याकडे उंदीर, यात कर्तृत्वाचा काही संबंध नाही. आणि दुसरं, जुलै २०२० मध्ये एका मोठ्या स्टुडिओने सगळ्यात मोठ्या चेनशी करार केला की सतरा दिवसांनंतर सिनेमा घरबसल्या भाड्याने देता येईल. उरलीसुरली फट गेली.

मग चालणारी कशी चालतात? टिव्होली कित्येक वर्षं एकाच पडद्यावर चाललं, पण चालवणाऱ्या कंपनीकडे आजूबाजूला बरीच थिएटरं आहेत, म्हणजे ढकलायला जागा आहे, फक्त दुसऱ्या गावात. दुसरा रस्ता नॉन-प्रॉफिटचा. बॉस्टनजवळ ब्रुकलाइनचं कूलिज कॉर्नर, जुन्या चर्चच्या इमारतीत १९३३ मध्ये सुरू झालेलं, १९८९ मध्ये गावकऱ्यांनी फाउंडेशन करून वाचवलं. न्यूयॉर्कजवळ प्लेझंटविलमधलं १९२५ चं रोम थिएटर २००१ मध्ये जेकब बर्न्स फिल्म सेंटर म्हणून उघडलं. मेरिलँडच्या सिल्व्हर स्प्रिंगमधलं सिल्व्हर, १९३८ चं, १९८४ पासून बंद, २००३ मध्ये काउंटीच्या मदतीने परत उभं राहिलं आणि आता अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट चालवते. यांनी विकायची वस्तूच बदलली. मेंबरशिप, मुलांचे वर्ग, दिग्दर्शकाशी गप्पा, जुने सिनेमे एकेका रात्रीपुरते. म्हणजे पाटी परत वारंवार बदलायला लागली! आणि यातल्या कुणीही एकाच पडद्यावर संसार रेटला नाही, शेजारी छोटे पडदे वाढवले. फक्त एक कडू गोष्ट, ब्रुकलाइन, प्लेझंटविल ही काही हातावर पोट असलेली गावं नाहीत. तिथे देणगीदार सापडतात. तुमच्या गावात शंभर डॉलरची वार्षिक मेंबरशिप घेणारी हजार घरं आहेत का याचं उत्तर तुम्हीच द्या, माझ्याकडे नाही.

आता बोर्डाबद्दल. माझं मत, विकत घ्यावं, पण चालवू नये. इमारत गावाची, गाळे त्याच खात्यात ठेवायचे, वेगळे विकायचे नाहीत, आणि चालवणाऱ्याला भाडं ठरीव रकमेने नाही तर गल्ला आणि पॉपकॉर्नच्या टक्क्याने. म्हणजे १९२८ चा हिशेब परत एका वहीत. शेजारचा एखादा गाळा रिकामा असेल तर त्यात सत्तर-ऐंशी खुर्च्यांचा दुसरा पडदा करा, मार्कीवरच्या (दर्शनी छज्जावरच्या) निऑनवर खर्च करण्याआधी हे करा. निऑन फोटोत छान दिसतं आणि त्यासाठी देणगीही पटकन मिळते, छोट्या पडद्यासाठी कुणी देत नाही, पण धंदा त्या छोट्या पडद्यावर वाचतो.

मीटिंगला जाणारच असाल तर दोन-तीन गोष्टी नक्की विचारा. नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत, नाव आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण त्याने खासगी मालकाला स्वतःच्या पैशाने इमारत पाडण्यापासून थांबवता येत नाही, त्यासाठी गावाचा स्वतःचा लँडमार्क नियम लागतो, तो आहे का? फेडरल हिस्टॉरिक टॅक्स क्रेडिट दुरुस्तीच्या खर्चाच्या वीस टक्के मिळतं, पण ते कर भरणाऱ्याला, गाव स्वतः मालक झालं तर ते वापरणार कसं, याचा वकिलाने काही आराखडा केलाय का? आधीच्या मालकांपैकी कुणी चेन होती तर डीडमध्ये "या जागेत सिनेमा दाखवायचा नाही" अशी अट घालून विकलेलं नाही ना, हसू नका, स्पर्धा नको म्हणून अशी अट घालतात. छताचा आणि बॉयलरचा रिपोर्ट किती जुना आहे. दुरुस्ती काढली की अपंगांसाठीच्या कायद्याप्रमाणे रँप, टॉयलेट, व्हीलचेअरच्या जागा हे सगळं आलंच, ते बजेटमध्ये धरलंय का.

आणि आत जाऊन बूथ बघा स्वतः. मागचा ऑपरेटर जाताना प्रोजेक्टर घेऊन गेला असेल. आमच्या इथे नेला होता, आणि बोर्डाला कळलं उद्घाटनाची तारीख जाहीर केल्यावर.